स्क्रीनवर मोटार बंद होती

"ताई, तुमी माणूस हाय का मशीन?"

फोन उचलल्यावर पलीकडून आलेलं हे पहिलं वाक्य. मी माणूस आहे म्हणून सांगितलं, पण तिचा विश्वास बसेना. तिनं विचारलं, तुमच्या खिडकीतून आत्ता काय दिसतंय ते सांगा. मी वाकून पाहिलं आणि सांगितलं, ऊन आहे, गेटजवळच्या सावलीत एक कुत्रं झोपलंय, त्याचा एक कान फाटलाय. ती म्हणाली, "फाटका कान बघितला म्हंजी माणूसच." आणि रडायला लागली.

मी तेव्हा बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर होते. आम्ही मोबाईल स्टार्टर बनवायचो. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत आमचा एक डबा बसतो. त्यात सिमकार्ड असतं आणि घरी बसून फोनवरून मोटार चालू-बंद करता येते. थ्री फेजची लाईट कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या भागात या डब्यानं माणसांच्या अंधारातल्या, चिखलातल्या, सापाकिरड्यातल्या खेपा वाचवल्या. हे खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. पहिल्या वर्षी मला या कामाचा अभिमान वाटायचा.

अ‍ॅपचा कोड लिहिणं हे माझं काम होतं, आणि अडलेल्या तक्रारी ऐकणंही. अपडेट केल्यावर मराठी जाऊन इंग्रजी आलं. ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या फोनवर जातो आणि मुलगा मीटिंगमध्ये असतो. गुड मॉर्निंगच्या फुलांनी फोन गच्च भरला, म्हणून अ‍ॅप उघडत नाही. निमगाव केतकीचा एक डाळिंबवाला आठवडाभर भांडत होता की मोटार आपोआप बंद होते. शेवटी कळलं, त्याची नात फोनवर खेळताना ती बंद करायची, कारण बंद केल्यावर स्क्रीन लाल होते आणि तिला लाल रंग आवडतो. आम्ही ऑफिसात पोट धरून हसलो. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी असंच काहीतरी निघायचं, कुणाचं तरी बोट चुकून कुठंतरी लागलेलं. आम्ही तक्रार बंद करताना कारणाच्या रकान्यात तेच लिहायचो: चुकून बटण दाबले गेले.

मग हेल्पलाईनवर एआय आला. बारामतीत तेव्हा चौकाचौकात त्याचेच फ्लेक्स होते. उसावर उपग्रह नजर ठेवणार, फवारणी ड्रोन करणार, खताचा सल्ला मशीन देणार. आमचे मालक एका प्रदर्शनाला जाऊन आले आणि येताना एक आवाज विकत घेऊन आले. बाईचा आवाज, गोड, पुणेरी, न थकणारा. त्याला आमचं माहितीपुस्तक आणि आमच्या जुन्या सगळ्या तक्रारी वाचायला दिल्या. फोन घेणाऱ्या मुलींना त्याच महिन्यात घरी पाठवलं. त्या मुली कधीकधी गिऱ्हाइकाला सांगायच्या, काका, मला नाही माहिती, विचारून सांगते. हा आवाज तसं कधीच म्हणाला नाही. त्याला सगळं माहीत होतं. कुणी फारच हट्ट धरला, माणसाशीच बोलायचं म्हणून अडून बसलं, तरच फोन माझ्या टेबलावर यायचा. ती अशीच हट्टानं माझ्यापर्यंत पोचली होती.

ती निरवांगीजवळच्या एका वस्तीवरची. घरात सासूसासरे, थोरले दीर आणि त्यांची बायको, हिचा नवरा, आणि ही धाकटी सून. बारावी शिकलेली, म्हणून मोटारीचा फोन हिच्याकडे. विहिरीवर दोडक्याचा मांडव, टोमॅटो आणि थोडा ऊस. थोरल्या दिरांना ती दादा म्हणायची. एका सकाळी दादा विहिरीतल्या कट्ट्यावर उतरले, कारण मोटार आणि पंप जोडणारं कपलिंग आवाज करत होतं. लाईट गेलेली होती. कपलिंगला हात घालण्याआधी त्यांनी खालून हिला हाक मारली, सगळं बंद हाय का बघ. हिनं फोन पाहिला. स्क्रीनवर लाल रंगात मोटार बंद, ऑटो बंद. हिनं वरून सांगितलं, सगळं बंद हाय. थोड्या वेळानं लाईट आली, मोटार फिरली, आणि दादांच्या उजव्या हाताची बोटं कपलिंगमध्ये गेली. अंगठा राहिला.

ऑटो म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्याला सांगावं लागेल. पेटीत एक खटका असतो. तो टाकला की लाईट येताच मोटार आपोआप सुरू होते. लाईट आली आणि आपण तिथं नसलो तर पाणी बुडालं, म्हणून जो तो सकाळी विहिरीकडून जाताना ऑटो टाकून ठेवतो. सगळ्यांचे पंप एकदम सुरू होतात, डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळतो, तरी टाकतात. टाकल्याचं लक्षातही राहत नाही, चप्पल घातल्याचं राहत नाही तसं.

त्यावर जुन्या माणसांनी एक रीत घालून ठेवली होती. विहिरीत जो उतरेल त्यानं पेटीतले फ्यूज स्वतःच्या हातानं काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. दुसऱ्याकडे द्यायचे नाहीत, कट्ट्यावर ठेवायचे नाहीत. उतरणाऱ्याच्या खिशात. मग वर कुणी काहीही करो, लाईट येवो जावो, मोटार फिरूच शकत नाही. आमचा डबा बसल्यापासून ही रीत मोडली, आणि ती आळसानं मोडली नाही. फ्यूज काढला की डब्याला वाटायचं एक फेज गेला. मग तो घरातल्या प्रत्येक नंबरला फोन लावून तेच तेच सांगत बसायचा. शाळेत, बाजारात, दवाखान्यात, जो जिथं असेल तिथं त्याचा फोन वाजायचा. लोक वैतागले. आमच्या माहितीपुस्तकातच छापलं होतं, वारंवार फ्यूज काढू नयेत. लोकांनी ऐकलं. खिशातल्या फ्यूजच्या जागी स्क्रीनवरचा एक शब्द आला.

हे सगळं मला ती सांगत होती तेव्हा मी वहीत काहीबाही खरडत होते आणि मनात म्हणत होते, नुकसानभरपाई मागेल, पोलिसात जाईन म्हणेल. तिनं दोन्ही मागितलं नाही. दादा दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी त्यांना बघायला अख्खी वस्ती अंगणात जमली होती. कुणीतरी म्हणालं, कंपनीलाच विचारा की. हिच्या नवऱ्यानं हेल्पलाईन लावली, स्पीकर चालू केला. आणि आमच्या त्या गोड आवाजानं सगळ्या वस्तीसमोर सांगितलं की झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटतं, अशा प्रसंगी बहुधा फोन हाताळणाऱ्या व्यक्तीकडून चालूचं बटण चुकून दाबलं गेलेलं असतं.

फोन हाताळणारी व्यक्ती चुलीपुढं चहा गाळत होती.

त्या दिवसापासून सासूनं तिला दादांचं ताट वाढू दिलं नाही. मोठी जाऊ बोलायची बंद झाली. नवरा काही म्हणत नव्हता, आणि ते न म्हणणंच तिला जास्त लागत होतं. पाणी भरायला गेली की बायका विषय बदलायच्या. तिला आमच्याकडून एकच हवं होतं. "मी दाबलं न्हाय. तुमच्याकडं दिसतंय का तसं? दिसत आसंल तर कुणीतरी माणसानं येऊन सांगावं. मशीननं न्हाय."

मी सर्व्हरवर पाहिलं. त्या वेळेचं तिथं काहीच नव्हतं. लाईट गेल्यावर थोड्या वेळानं टॉवरही बसला होता. दुपारी रेंज आली तेव्हा डब्यानं साठवलेले निरोप एकदम येऊन पडले होते, कुठला आधीचा कुठला नंतरचा ते ओळखू येणार नाही असे. पण अ‍ॅपचं मला माहीत होतं. डब्याशी बोलणं तुटलं की अ‍ॅप शेवटचं जे कळलं तेच दाखवत राहतं. सकाळी कुणी हातानं ऑटो टाकला आणि रेंज नसली, तर फोनला ते कळतच नाही. स्क्रीन म्हणत राहते, बंद. तिला म्हणायचं असतं, मघाशी बंद होती, आत्ताचं ठाऊक नाही. पण ती तसं म्हणत नाही. ठाम, लाल, मोठ्या अक्षरात म्हणते, बंद. ज्या माणसाची बोटं कपलिंगवर आहेत त्याच्यासाठी या दोन वाक्यांतल्या फरकात सगळं आयुष्य असतं.

आणि आवाजाचं कोडं तर सोपं होतं. आम्ही त्याला काय वाचायला दिलं होतं? डाळिंबवाल्याची नात, आणि तसलीच शेकडो कारणं. चुकून बटण दाबले गेले. त्यानं तेच शिकलं आणि तेच सांगितलं. त्यानं विहीर पाहिली नव्हती, दादांना पाहिलं नव्हतं. जे जास्त वेळा वाचलं ते गोड करून बोलला.

मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. ते काही वाईट माणूस नव्हते. तरुणपणी गावोगाव फिरून स्वतः स्टार्टर दुरुस्त करायचे, खिशात फ्यूज ठेवायची रीत त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. मी दोन गोष्टी मागितल्या. रेंज नसेल तेव्हा स्क्रीनवर बंद न दाखवता माहिती नाही असं दाखवू, कोड मी लिहून ठेवलाय. आणि त्या घरी कंपनीचं कुणीतरी जाऊन सांगू दे. त्यांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक पैसे मोजून काय घेतं, माहिती. त्याच्या स्क्रीनवर दिवसातून दहादा 'माहिती नाही' आलं, तर तो डबा उचलून माझ्या टेबलावर आणून आपटेल. समोरच्या कंपनीचा तर सगळं दाखवतो म्हणेल." समोरच्या कंपनीचाही खोटंच दाखवतो, असं मी म्हणाले. "पण दाखवतो," ते म्हणाले. घरी जायचं तर नावच काढू नकोस, आपण गेलो म्हणजे आपण कबूल केलं. तिला सांग, तपास चालू आहे.

माझे वडील इंदापुरात एका छापखान्यात कामाला होते. संपाची, मोर्चाची, पाण्याच्या हक्काची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं तिथं छापली जायची आणि शाई फाकलेले कागद आमच्या घरी यायचे. मी बाराखडी त्यांच्यावर गिरवली, गणितं त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर सोडवली. गोष्टीची पुस्तकं मला फार उशिरा भेटली. त्या कागदांत पुष्कळदा नुसताच आरडाओरडा असायचा हे मला आता कळतं. पण प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असायची, प्रकाशक कोण, मुद्रक कोण. वडील सांगायचे, वर मंत्र्याला शिव्या घाल नाहीतर देवाला, पण खाली नाव पाहिजे. उद्या कुणी दारात येऊन विचारलं, हे कुणी म्हटलं, तर एका माणसाला पुढं येऊन मी म्हणता आलं पाहिजे. त्या अंगणात वाजलेल्या वाक्याच्या तळाशी कुणाचंच नाव नव्हतं. आवाज विकणारे म्हणणार, तुम्ही दिलेल्या कागदांवरून तो बोलला. आम्ही म्हणणार, आवाज त्यांचा आहे. आवाज म्हणणार, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आणि एका बाईच्या हातचं ताट परत जाणार. नव्या तंत्रज्ञानाची मला भीती वाटते ती ते फार हुशार होईल म्हणून नाही. त्याचं म्हणणं कुणाचंच नसतं आणि तरी ते माणसाला लागू होतं, याची वाटते.

रविवारी मी स्कूटी काढली. भवानीनगर मागं टाकलं, अंथुर्ण्यापासून आत वळले आणि विचारत विचारत वस्तीवर पोचले. अंगणात बाजेवर सासरे बसले होते, त्यांना सगळे आबा म्हणत. सासू टोमॅटो निवडत होती. दादा भिंतीला टेकून खुर्चीत, उजवा हात पंच्यात गुंडाळलेला. मी कोण ते सांगितलं. नवऱ्यानं पहिलाच प्रश्न केला, कंपनीनं पाठवलं का. नाही म्हटलं, माझी मी आले. आबा म्हणाले, "मंग तुमचं आमी का ऐकायचं, बाई?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, माझं ऐकू नका, विहिरीवर चला आणि बघा.

दादा आले नाहीत. बाकीचे आले. फोन धाकटीच्या हातात दिला, नवऱ्याला पेटीतला ऑटोचा खटका टाकायला लावला आणि सगळ्यांना स्क्रीन बघायला सांगितली. ऑटो बंद. आम्ही थांबलो. विहिरीवर रेंज नव्हतीच, बांधावर चढलं तर एखादी काडी यायची. ऑटो बंदच. मग लाईट जाऊन आल्यासारखं व्हावं म्हणून मी मेन स्विच पाडून पुन्हा वर केला. पेटी खटखटली, मोटार घुमायला लागली, पाईप थरथरला आणि हौदात पाणी धो धो पडायला लागलं. तिनं फोन आबांच्या डोळ्यांपुढं धरला. लाल रंगात, मोटार बंद.

आबांनी एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा फोनकडं. "च्यायला, हे तर तोंडावर खोटं बोलतंय की."

मला वाटलं, झालं. पण सासू पदरानं हात पुसत म्हणाली, हे आजचं झालं. त्या दिवशीचं मशीननंच सांगितलंय, ह्या पोरीला त्या दिवशीचं काय ठावं. ही पोरगी म्हणजे मी.

आम्ही अंगणात परत आलो. मी म्हटलं, मग मशीनलाच पुन्हा विचारा. नवऱ्यानं हेल्पलाईन लावली, स्पीकर टाकला, फोन बाजेवर ठेवला. आबा त्याच्यावर वाकून, समोर माणूस बसलाय तसे बोलले, माझ्या लेकाची बोटं गेली, मोटार कुणी चालू केली ते सांगा. आवाजाला वाईट वाटलं. मग तो म्हणाला, बहुधा घरातील सदस्याकडून अनवधानाने बटण दाबले गेले असावे. सासूनं माझ्याकडं बघितलं, बघितलंस का, अशा नजरेनं.

मी फोनपाशी तोंड नेलं आणि विचारलं, मोटार आबांनी चालू केली का?

"हो, तशी शक्यता आहे," आवाज म्हणाला. "ज्येष्ठ व्यक्तींना फोन हाताळताना अडचण येऊ शकते."

"आरं, मी त्या दिशी इंदापूरला हुतो," आबा म्हणाले. "डोळ्याच्या डाक्टरकडं."

नवऱ्याच्या कपाळावर आठी पडली. त्यानं फोन उचलला आणि सावकाश विचारलं, गोठ्यातल्या म्हशीनं मोटार चालू केली आसंल का? आवाज म्हणाला, हो, जनावरांचा धक्का लागूनही तसे घडू शकते, कृपया उपकरण जनावरांपासून दूर ठेवावे, आणखी काही मदत हवी आहे का.

आबांनीच फोन बंद केला. "हे आपल्या भावकीतल्या पंचावानी हाय. ज्याच्या दारात च्या पेलं, त्याच्यावानी बोलतंय."

नवरा हसला. सासू हसली नाही. ती पुन्हा टोमॅटोंपाशी जाऊन बसली. धाकटी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि ती कुणाकडं बघते आहे ते माझ्या उशिरा लक्षात आलं. ती दादांकडं बघत होती. त्यांनी मान वर केली नव्हती.

"सकाळी ऑटो मी टाकला हुता," दादा म्हणाले.

सासूचा हात थांबला. "तुला काय आठवतंय. तू तापात हुतास."

"तापाच्या आधीचं हाय, आई. टाकला आन इसरलो. म्हणून तर हिला इचारलं, सगळं बंद हाय का म्हणून. मोटार फिरली तवाच आठवलं."

"तवाच?" धाकटीनं विचारलं.

"व्हय."

"मंग मशीन बोललं तवा तुमी हितंच बसला हुता."

 दादांच्या हातावरचा पंचा सुटला होता, तो ते डाव्या हातानं गुंडाळायला लागले. जमत नव्हता. कुणी उठलं नाही. मग म्हणाले, "हात बी माझाच गेला आन चूक बी माझीच, आसं कुठल्या तोंडानं म्हणू?"

इथं मी बोलले. मला राहवलं नाही. म्हटलं, दादा, चूक तुमची नाही आणि हिचीही नाही. तुम्ही विसरलात म्हणूनच विचारलंत, आणि हिनं जे दिसलं ते सांगितलं. माणूस विसरतो, त्यासाठीच तर तो डबा पैसे देऊन घेतला. ज्याला माहीत नाही तोच माहीत आहे म्हणाला, चूक त्याची. मी पुष्कळ बोलले, चांगलं बोलले असेन. आबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आसं तुमच्या मालकानं हितं येऊन म्हणायला लावाल का?" 

धाकटीला कंपनीशी काही देणंघेणं नव्हतं. ती दादांना म्हणाली, "त्या दिवशी सगळी वस्ती अंगणात हुती. त्यांच्यासमोर म्हणा."

उत्तर सासूनं दिलं. घरातलं घरात कळलं, आता चारचौघांत कशाला उकरायचं. त्याचा हात गेलाय, आता त्याची अब्रू बी घालवायची का? आधी कुणाची गेली होती, हे तिथं कुणीच विचारलं नाही. दादांनी मान खाली घातली. नवरा उठून म्हशीला वैरण टाकायला गेला, वैरण पुढ्यात होती तरी.

ती आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. भरायला वेळ लागला नाही, म्हणजे ती आधीच भरलेली असणार. तिचं माहेर अंथुर्ण्याला, माझ्या वाटेवरच. मला म्हणाली, "ताई, मला सोडा." आबा एकदा म्हणाले, पोरी, च्या घेऊन जा. ती त्यांच्या पाया पडली आणि गाडीवर बसली.  तिच्या आईनं दार उघडलं, पिशवी पाहिली आणि ती तिच्या हातातून घेतली. मी तिथून पुढं बारामतीला आले.

सोमवारी मालकांना सगळं कळलेलं होतं. आवाज फोनवरचं सगळं साठवून ठेवतो, म्हशीचा प्रश्नसुद्धा. रविवारी रात्री परतल्यावर मी 'माहिती नाही'चा कोड अ‍ॅपवर चढवला होता, तो त्यांनी काढून टाकला आणि म्हणाले, न विचारता चढवायचा नसतो. हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मी राजीनामा दिला. त्यांनी तो लगेच घेतला नाही, आठवडा विचार कर म्हणाले, चांगले प्रोग्रामर इथं मिळत नाहीत. मी विचार केला नाही. आता मी इंदापुरात एका औषधविक्रेत्याच्या बिलांचं काम करते. त्यात कुणाची बोटं जात नाहीत. हेल्पलाईनवर तोच आवाज आहे. फक्त आता तो बटणाचं नाव घेत नाही, म्हणतो, यामागे अनेक कारणे असू शकतात. अ‍ॅपवर अजूनही मोटार बंद दिसते, ती चालू असो वा बंद. मी वस्त्यावस्त्यांवर जाऊन सांगते, उतरणार असाल तर फ्यूज खिशात घ्या, फोन वाजला तर वाजू द्या. काही ऐकतात. बरेचजण म्हणतात, आता कुठं ते जुनं घेऊन बसलाय.

पुढचं मला तिनंच फोनवर सांगितलं.

दादा एकदा अंथुर्ण्याला आले होते. कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून, एकटेच. तिच्या वडलांपुढं, भावांपुढं बसले. डाव्या हातानं चहा घेतला, थोडा सांडला. मग सगळं सांगितलं. ऑटो आपणच टाकला होता, हिच्याकडून काही झालं नाही, आपण गप्प बसलो. वडलांचे डोळे भरून आले. भाऊ म्हणाला, झालं की मग, एवढा मोठा माणूस घरी येऊन बोलला, आता ताणू नको. दादा म्हणाले, चल, मी न्यायलाच आलोय.

तिनं विचारलं, "तितं म्हणाल का? वस्तीवर, सगळ्यांसमोर?"

"तितं कशाला आता," दादा म्हणाले. "तितं सगळ्यांना म्हाईत झालंय."

तिनं त्यांच्या पुढ्यातला कप उचलला, सांडलेला चहा पुसून घेतला आणि आत गेली. ती अजून अंथुर्ण्यालाच आहे.